समितीबाहेरचा बाक

साल होतं १९९१. पर्यावरणाविरुद्धच्या गुन्ह्यांच्या नव्या कायद्याचा मसुदा संसदेच्या समितीपुढे होता. खोलीबाहेरच्या बाकावर साक्षी टिपून घेणारी लघुलेखिका आपल्या पाळीची वाट पाहत होती. शेजारी साक्षीला आलेला रंगाच्या कारखान्यातला एक कामगार आणि त्याची थोरली बहीण बसली होती.

“ताई, घाम फुटलाय गं.”

“पाणी पी. आत काय सांगणार, ते म्हण बघू एकदा.”

“साहेबांच्या हुकमावरून मी नदीत विषारी पाणी सोडलं.”

“किती वेळा?”

“दर शनिवारी. तीन वर्षं.”

“अस्सं सांग. लहानपणी काच फोडायचास आणि नाव माझं घ्यायचास. आज तरी खरं नाव घे.”

“साहेबांचे वकील मघाशी जिन्यात भेटले. म्हणाले, पाणी तू सोडलंस, तुरुंगात तूच जाशील.”

“आणि तुला ते पटलं, शहाण्या? अरे, हुकूम देणारा सुटू नये म्हणून तर हे कलम घालताहेत!”

“मला दोन लेकरं आहेत, ताई.”

“मला एकच लेक होती. तेच पाणी प्यायली ती.”

शिपायानं त्याला आत बोलावलं. लघुलेखिकेचीही पाळी आली.

“पाणी किती वेळा सोडलं?” अध्यक्षांनी विचारलं.

“एकदाच. चुकून सुटलं. कोणी सांगितलं नव्हतं.”

तिनं ते शब्दशः लिहून घेतलं.

कायदा झाला, पण असे हुकूम दिले जातात याला पुरावाच मिळाला नाही, म्हणून हुकूम देणाऱ्याचं कलम गळलं. कामगार पुढच्याच वर्षी फोरमन झाला. बहीण त्याच्या घरची पायरी पुन्हा चढली नाही. लघुलेखिका आता ऐंशीची आहे. बाकावरचं बोलणं तिनं कुठंच लिहिलं नव्हतं. ते तिला अजून पाठ आहे.