शुक्रवारी माग बंद होता

अज्जी: पोरीच्या जन्माचं साल मला विचारू नकोस, नीलम्मा. आमचे हे मागावर बसल्याबसल्या गेले आणि त्यांच्या अकराव्याला ही सून बाळंत झाली. माणसं रडायला आली आणि बाळ बघून गेली. एवढं लिही.

नीलम्मा: एवढ्यावर सरकार कागद देत नाही, अज्जी. आकडा लागतो.

अज्जी: मग सरकारला विचार, ते तेव्हा कुठे होतं.

शांतव्वा: गेल्या श्रावणात नऊ पुरी झाली, अक्का.

नीलम्मा: हं. गौरव्वा, वय नऊ. झटके किती आले या महिन्यात?

शांतव्वा: दोन. गोळी सकाळ-संध्याकाळ देते. एकदाही चुकवली नाही.

नीलम्मा: बोलणं?

अज्जी: बोलते की. माग थांबला की अख्ख्या गल्लीशी बोलते.

नीलम्मा: अज्जी, मला खरं लिहायचं असतं.

अज्जी: मी काय खोटं सांगतेय? पंचायतीनं अपंग पोरांकडे बघायला लंगडी बाई नेमली, ते चांगलंच केलं. पण तू यायची आठवड्यातून एकदा, मंगळवारी. बाकीचे सहा दिवस आमचे कान.

शांतव्वा: तुला ठाऊकच आहे, अक्का. खटखट चालू आहे तोवर ती बघ कशी खांबाला टेकून बसलीय. हे जेवायला उठले की हात चावते, किंचाळते. म्हणून ते उठले की मी मागावर बसते. नवराबायको मिळून जेवलोय असं नऊ वर्षांत झालं नाही.

नीलम्मा: आणि कांडीचं काय झालं? गेल्या खेपेला दाखवलं होतं ते?

शांतव्वा: देते आता. धोट्यातलं सूत संपत आलं की आवाज बदलतो ना, तो तिला यांच्या आधी कळतो. टोपलीतून सूत भरलेली कांडी काढते आणि हात पुढे करून बसते. घेईपर्यंत तसाच धरते.

नीलम्मा: हे आधी नाही का सांगायचं. दोन वर्षं मी याचीच वाट बघतेय. थांब, हे मोठ्या अक्षरात लिहिते.

अज्जी: नऊ वर्षांची पोर कांडी देते, त्याचं एवढं कौतुक. मी सात वर्षांची असताना तीन मागांच्या कांड्या भरत होते. माझं कुणी लिहिलं नाही.

नीलम्मा: तुमचं लिहायला वही पुरली नसती.

शांतव्वा: अक्का, वही मीट जरा. एक काम आहे तुझ्याकडे.

नीलम्मा: बोल.

शांतव्वा: शुक्रवारी थोरल्या मंजूचा साखरपुडा. नवऱ्या मुलाकडची, रबकवीची माणसं येतायत, तीसएक. तेवढा एक दिवस गौरीला तुझ्या घरी ने. तुझ्या भावाचा माग दिवसभर चालू असतो. तिथे खांबाला टेकून बसेल, काही त्रास देणार नाही. सकाळी मी आणून सोडते, दिवे लागायच्या आत घेऊन जाते.

नीलम्मा: आणि इथे का नको?

अज्जी: ऐका. इथे का नको म्हणे.

शांतव्वा: पंगती याच खोलीत बसवायच्यात. मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकायच्या. माग बंद राहणार, अक्का.

नीलम्मा: तेवढंच कारण?

अज्जी: आम्ही त्यांना एकच मुलगी सांगितलीय. आता सगळं कळलं?

नीलम्मा: कळलं. मग माझं उत्तरही ऐका. मी नेणार नाही.

शांतव्वा: अक्का.

नीलम्मा: गावोगाव, दारोदार मी काय सांगत फिरते? पोरांना लपवू नका. आणि मीच तुझ्या पोरीला पदराखाली घालून गल्लीतून नेऊ? सगळे बघतील. उद्या दुसऱ्याच्या दारात उभी राहून काय तोंडानं बोलू?

अज्जी: म्हणजे तुझ्या तोंडासाठी आमच्या पोरीचं लग्न मोडायचं.

नीलम्मा: मोडणार नाही. माझ्या बहिणीला बघायला आले तेव्हा माझ्या बापानं मला उंबऱ्यातच बसवली. म्हणाला, आधी हिचा पाय बघा, मग चहा घ्या. दोन घरची माणसं चहा न घेता गेली. तिसरी बसली. माझी बहीण आज तिथे सुखात आहे.

शांतव्वा: तुझा पाय वाकडा होता, अक्का. तोंड गोड होतं. तू त्यांना नमस्कार केला असशील, या बसा म्हणाली असशील. माझी लेक अंगावरचा झगा फाडेल. पंगतीत बसल्या जागी ओलं करेल. दोन स्थळं हिच्यामुळे गेली. एका घरचे तर पाणीसुद्धा न पिता उठले. घराण्यात आहे म्हणाले. मंजू बावीस वर्षांची झाली.

नीलम्मा: लग्नानंतर कळेल तेव्हा? तिला नांदू देतील?

शांतव्वा: तेव्हाचं तेव्हा. ज्याचं जळतं त्याला कळतं, अक्का.

नीलम्मा: माग चालू ठेवा त्या दिवशी. पंगती अंगणात बसवा. येणारेही विणकरच आहेत, मागाच्या आवाजानं त्यांचं काय बिघडतंय?

अज्जी: शुभकार्यात नवरीचा बाप मागावर बसून खण विणतोय. वा. भटजी नको, ही सांगेल तसं करा.

शांतव्वा: चार वर्षं तू येतेस. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं?

नीलम्मा: नाही.

शांतव्वा: मग एक दिवस.

नीलम्मा: नाही, शांतव्वा. वाईट वाटून घेऊ नकोस. तिला नवा झगा घाल आणि समोर बसव. उद्या तूच मला म्हणशील, बरं केलंस.

(पुढचा मंगळवार. तेच घर. माग थांबलेला, खड्ड्यावरच्या फळ्या अजून तशाच.)

अज्जी: आलीस. येशील म्हटलंच होतं. वही बंद करायची असेल.

नीलम्मा: मला शनिवारी तिन्हीसांजेला बाजारात कळलं, अज्जी. माती झाल्यावर. कुणी निरोपसुद्धा धाडला नाही.

अज्जी: तुला कशाला निरोप? तू कामाची माणूस.

शांतव्वा: बस, अक्का. लांबून चालत आलीस, पाय दुखत असेल.

नीलम्मा: दुखू दे.

अज्जी: काढ वही. लिही. ताप आला आणि शनिवारी पहाटे गेली.

नीलम्मा: ताप कधीपासून होता?

अज्जी: ताप काय सांगून येतो? शुक्रवारी कार्य झालं, शनिवारी पोर गेली. शनिवार लिही आणि ऊठ.

नीलम्मा: रबकवीला कळवलं?

अज्जी: ती होती हेच त्यांना ठाऊक नाही, तर गेली हे काय कळवायचं? झाकली मूठ आहे ती झाकलेली राहू दे. लग्नाची तारीख धरलीय.

नीलम्मा: शुक्रवारी कुठे ठेवली होती तिला?

अज्जी: घरात.

नीलम्मा: घरात कुठे?

शांतव्वा: मागे, सूत रंगवायच्या खोलीत.

अज्जी: शांता.

शांतव्वा: चार दिवस गप्प आहे मी, आत्याबाई. आता बोलू द्या. सकाळची गोळी दिली, अक्का. मग संध्याकाळचीही तेव्हाच दिली. झोपावी म्हणून. सुताच्या लडींवर निजवली, मऊ असतात म्हणून. नवा झगा घातला होता, तू सांगितलेला. आणि बाहेरून कडी लावली.

नीलम्मा: कुणी बसलं नाही जवळ?

शांतव्वा: कोण बसणार? मंजूला नेसवायचं होतं. पुरणाच्या होळग्या लाटायच्या होत्या. हे दारात पाहुण्यांचे हात धरत होते. पहिली पंगत बसली, माझे कान मागेच. आतून आवाज नाही. दुसरी बसली, तरी आवाज नाही. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, अक्का. म्हटलं, शहाण्यासारखी झोपलीय.

नीलम्मा: मग?

शांतव्वा: दुसरी पंगत उठली तेव्हा वाटीत होळगी कुस्करली, तूप घातलं आणि घेऊन गेले. पालथी पडली होती. तोंड लडींमध्ये. झटका आला असणार. मुठीत कांडी होती. माग बंद, आणि हिनं कांडी घेऊन ठेवलेली.

अज्जी: दुसरी पंगत? तू तर मला दिवे लागल्यावर सांगितलंस. म्हणालीस, आत्ता बघितलं.

शांतव्वा: पाहुणे गेल्यावर सांगितलं तुम्हाला. बघितलं दुपारीच. तिला उताणी केली, तोंड पुसलं. हात छातीवर ठेवले. कांडी काढायला गेले, तर सुटेना. मग कडी लावली आणि बाहेर आले. तिसरी पंगत बसलेली होती. मी भात वाढला.

अज्जी: तू वाढलास.

शांतव्वा: वाढला. ताक वाढलं. विहीणबाई म्हणाल्या, तुमच्या हाताला चव आहे. मी म्हटलं, आणखी घ्या.

अज्जी: मी तेव्हा त्यांच्या थोरल्या जावेची थट्टा करत होते. चार होळग्या खाल्ल्यास, आता पाचवीला नाही म्हणू नकोस म्हणून. तू समोरून वाढत होतीस. माझ्याकडे बघून हसलीस, शांता.

शांतव्वा: हसले असेन.

नीलम्मा: माझ्या भावाचा माग चालू होता.

अज्जी: काय?

नीलम्मा: शुक्रवारी. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. मध्ये जेवायलाही उठला नाही तो, घाईचं काम होतं. मी खांबाजवळच बसून तांदूळ निवडले.

अज्जी: मग ते आता आम्हाला कशाला सांगतेस?

नीलम्मा: दुसरं कुणाला सांगू?

अज्जी: एक दिवस मागितला होता तिनं. एक दिवस. तुझी गल्लीत मान खाली गेली असती. आता कुठे आहे तुझी मान?

नीलम्मा: बोला, अज्जी. काही कमी बोलू नका.

शांतव्वा: नका, आत्याबाई. कडी मी लावली. तिनं नाही लावायला सांगितली.

नीलम्मा: मी म्हणाले होते, उद्या तूच मला म्हणशील, बरं केलंस.

शांतव्वा: ते मी म्हणणार नाही. दुसरंही काही म्हणणार नाही. तू वही काढ.

नीलम्मा: काय लिहू?

अज्जी: शनिवार. नीलम्मा, माझं म्हातारीचं ऐक. गेलेली गेली. आत एक जिवंत आहे, चार दिवस तिनं पाण्याचा घोट घेतला नाही. पुन्हा तिचं लग्न मोडलं तर ती विहीर जवळ करेल. कार्याच्या दिवशी घरात मढं होतं आणि त्यावर पंगत उठली, हे रबकवीला कळलं तर? कागद कुठून कुठे जातात, तुला ठाऊक आहे.

नीलम्मा: कागद पंचायतीत जातो. तिथला शिपाई तुमच्याच गल्लीतला आहे.

अज्जी: मग झालं तर. शनिवार.

शांतव्वा: मंजूला विचारलं मी सकाळी. तिनं डोकं भिंतीला टेकलं आणि म्हणाली, अव्वा, तुला सोसेल ते लिहायला सांग.

अज्जी: पोर आहे ती. तिला काय कळतं?

शांतव्वा: आत्याबाई, नऊ वर्षं ती या घरात होती. फक्त शुक्रवारी मी तीस माणसांना सांगितलं, ती नाही. आणि शुक्रवारीच ती गेली. आता ती शनिवारपर्यंत होती, हे मी कुठल्या तोंडानं सांगू?

अज्जी: मला लिहिता येत नाही म्हणून बरं. येत असतं तर मी शनिवारच लिहिला असता.

शांतव्वा: ठाऊक आहे.

अज्जी: तरीही रडले असते. तेवढं समज.

शांतव्वा: तेही ठाऊक आहे.

नीलम्मा: सांग, शांतव्वा. तू सांगशील तसंच लिहिते.

शांतव्वा: लिही. गौरव्वा, गुरुपादप्पाची धाकटी मुलगी. आजोबाच्या अकराव्याला जन्मली. बहिणीच्या साखरपुड्याला, शुक्रवारी दुपारी, दुसरी पंगत उठायच्या आत वारली.