बुडणारी बँक दाखवा

पैसे कोणत्या बँकेत ठेवावेत ते मला विचारू नका, माझ्या आत्याला विचारा. मखमलाबादला तिची झेंडूची शेती. थोरलीच्या लग्नाचे पैसे तिने एका सहकारी बँकेत ठेवले आणि ती बँक बुडाली. आठ दिवस आत्या बँकेच्या पायरीवर बसून होती. मग सरकारने पैसे ओतले, बँक तरली, आत्याला व्याजासकट रक्कम मिळाली. थोरलीचं लग्न थाटात झालं. पहिल्या पंगतीला बँकेचे चेअरमन!

पाचेक वर्षांनी धाकटीचं लग्न निघालं, म्हणून या वेळी मीच तिला नाशकातल्या एका चांगल्या बँकेत नेलं.

मॅनेजर म्हणाले, "निर्धास्त राहा मावशी, आमची बँक बुडणार नाही."

"व्याज किती?"

त्यांनी आकडा सांगितला. आत्या उठलीच. "नको मग. एखादी बुडणारी दाखवा."

"अहो, बुडणाऱ्या बँकेत कोणी पैसे ठेवतं का?"

"मागची बुडाली तिचं व्याज तुमच्या दीडपट व्हतं. सरकारनं रुपया न् रुपया दिला. चेअरमनची गाडीबी नवी आली. तुमची बुडत नाय, त्यात माझा काय फायदा?"

मॅनेजर तडक खुर्चीतून उठले. आम्हाला दारापर्यंत सोडायला आले, तेव्हा मला वाटलं, रागावलेत. पण त्यांनी मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाले,

"मावशी, तशी बँक सापडली तर मलाही कळवा. पुढच्या महिन्यात रिटायर होतोय."