थांबायची हवा

मंडळी, ऐका. माणसानं अभिमान धरावा का धरू नये? देवळाच्या खांबाला टेकलेले मान हलवतायत – "धरू नये, बुवा." मग नवी गाडी घेतल्यावर गावातून चकरा कोण मारतं?

हिंदुराव ट्रकवाला होता. ट्रक जुना, पण पुसून असा ठेवायचा की नवरदेवानं त्यात बघून भांग पाडावा! त्याच्या मनात आलं, गाडीला एअर हॉर्न पाहिजे. तीन कर्ण्यांचा.

आता हॉर्नला लागते हवा. ट्रकच्या ब्रेकलाही हवाच लागते, ती टाकीत भरलेली असते. मग लोक काय करतात? त्याच टाकीला नळी जोडतात – आणि पोंऽऽ! शेजारच्या बापू खोतानं तेच केलं होतं.

हिंदुराव म्हणाला, "थांबायची हवा मी ओरडायला वापरणार न्हाई."

त्यानं वेगळा कंप्रेसर आणला, वेगळी टाकी आणली, चेसिसला बसवली. बायको वत्सला ट्रकखाली शिरून जोडाजोडाला साबणाचा फेस लावतेय. बुडबुडा आला की समजायचं, हवा गळते.

"अहो, हितं अजून फुगतंय. परत आवळा."

बापू हसतोय, "हिंदुराव, ट्रकला अंघोळ घालताय व्हय?"

पुढं यात्रेच्या दिवशी दोघं गुळाच्या ढेपा भरून घाट उतरत होते. हिंदुराव पुढं, बापू मागं. बापू वळणावळणाला वाजवतोय – पोंऽऽ! पोंऽऽ! हळूहळू आवाज बारीक झाला. मग नुसती पिपाणी.

हिंदुरावच्या ध्यानात आलं. हॉर्न दमला, म्हणजे बापूचा ब्रेकही दमला. आणि खालच्या वळणावर यात्रेची माणसं, पोरंबाळं!

हिंदुराव खिडकीतून मागं ओरडला, "बापू, खालच्या गिअरात ये! माझ्या पाठीला टेकीव गाडी!"

धाडकन हिंदुरावच्या ट्रकचा मागचा फाळका चेपला. हिंदुरावचा हात हॉर्नवर, पाय ब्रेकवर. तिन्ही कर्णे घुमले, माणसं कडेला पळाली. दोन गाड्यांचा भार, ब्रेक एकाचा. थांबल्या, मंडळी! दोन्ही थांबल्या.

बापू उतरला, हात जोडले. आणि वत्सला गावभर सांगत सुटली, "फेस मी लावलेला!"

तो चेपलेला फाळका हिंदुरावनं अजून सरळ केला नाही. म्हणतो, "मिरवायचाय." मिरव बाबा! असला अभिमान देवालासुद्धा गोड लागतो.

आता आपलं बघू. सुनेवर, भावकीत, बांधावर आपण जेव्हा पोंऽऽ करतो, तेव्हा हवा कुठल्या टाकीतली घेतो? का हसलात? घाट तुम्हालाही उतरायचाय, मलाही उतरायचाय. थांबायची हवा शिल्लक ठेवा, आणि आता देवाचं नाव घ्या – छाती भरून.