कॉफी कोणाची

(कोंढा, १९८२. खुशाल गेल्याचा बारावा दिवस. चुलीपुढे त्याची बायको शकुंतला आणि आई धुरपता, म्हणजे शकुंतलाची सासू. दारात खुशालचा मोठा भाऊ टिकाराम; शकुंतला रीतीप्रमाणे या भासऱ्याशी थेट बोलत नाही.)

टिकाराम : माय, कॉफीचं ते पितळेचं यंत्र कुठं गेलं? छत्री, जोडे, धोतरजोडा, सारं बाजेवर मांडलं. तेच एक दिसत नाई.

धुरपता : आता ते कायले पायजे, बापा?

टिकाराम : खुशालच्या आवडीचं होतं ना! उद्या तेरवीत रीतीनं भाच्याले दान द्या लागते. अन् खुशालच्या नावाच्या ताटातही कॉफी ठेवा लागन.

शकुंतला : आत्याबाई, भाऊजीले सांगा, यंत्र माह्या पदराखाली आहे. ते दानात जाणार नाई.

टिकाराम : माय, विचार तिले, काहून?

शकुंतला : सांगा त्याईले, ते त्याईच्या भावाचं नव्हतंच.

धुरपता : अवं, मी काय तुमची डाकवाली आहो? अन् सारं कोंढा सांगते, खुशालले कॉफीबिगर सकाळ होत नव्हती. तोच सांगे पारावर.

शकुंतला : सांगत होते. खोटं सांगत होते.

धुरपता : मेल्या माणसाले खोटं म्हणतं!

शकुंतला : पंधरा वर्षांत एक घोट घेतला त्याईनं, तोही थुकला. पेत होती मी. भंडाऱ्याले किरायाच्या खोलीत होतो, तेव्हा शेजारच्या मद्रासी अम्मानं मले चव लावली. गावात आल्यावर चहासारखी दुधात उकळून पाहिली. सारी भुकटी दातात, अन् कडू जहर! मंग धोतराच्या फडक्यात गाळली, तं कापडाचा वास. मी हात टेकले, त्याईनं नाई टेकले. भंडाऱ्याच्या कासाराकडून दोन डबे करून आणले, एकावर एक बसणारे. वरच्याच्या बुडाले भोकं मोठी झाली, तं परत नेऊन दुसरं बूड लावलं. आता वर भुकटी दाबाची, उकळतं पाणी टाकाचं, अन् हात नाई लावाचा. थेंब थेंब उतरते.

धुरपता : मंग मले काहून नाई सांगितलं त्यानं?

शकुंतला : तुमच्या सुनेले कॉफीचा शौक आहे म्हटलं असतं, तं तुम्ही काय केलं असतं?

धुरपता : ...ते डबे विहिरीत फेकले असते.

शकुंतला : म्हून ते म्हणाले, नाव माह्यं सांग अन् पे तू.

टिकाराम : बस झालं! माय, सांग तिले, हे घराबाहेर जाऊ देऊ नको. बायकोच्या शौकासाठी नवरा कासाराच्या घरी खेटे घाले! लोक थुकतील खानदानावर. उद्या यंत्र भाच्याले जाईन.

शकुंतला : भाऊजी.

धुरपता : अवं, भासऱ्यासंगं थेट बोलतं!

शकुंतला : बोलते. भाऊजी, छत्री न्या, जोडे न्या, माह्या नवऱ्याचं सारं वाटून टाका, मी हूं का चूं करणार नाई. हे माह्यं आहे. पंगतीत कोणी विचारलं तं मीच सांगन, कॉफी शकुंतला पेते. अन् त्याईच्या ताटात बिनदुधाचा गुळाचा चहा ठेवन. जितेपणी माह्यासाठी खोटं बोलले, मेल्यावर तरी त्याईले आवडीचं भेटू द्या!

टिकाराम : तं मंग मी पंगतीले बसत नाई!

शकुंतला : नका बसू. पान वाढून ठेवन.

धुरपता : टिकाराम! अरे, थांब ना... गेला. झालं समाधान?

शकुंतला : नाई झालं. थोडं सरका आत्याबाई, पाणी उकळलं.

धुरपता : आजच करतं? माह्यापुढं?

शकुंतला : तुमच्यापुढंच.

धुरपता : ...वास तं मोठा गोड येते वं. खरंच नव्हती आवडत त्याले?

शकुंतला : मी पेत असली का अंगणात जाऊन बसत. पाहाऱ्यावर. तुम्ही येताना दिसल्या का खोकलत.

धुरपता : अरे देवा! मी त्या खोकल्यासाठी त्याले रोज अडुळशाचा काढा देत होती!

शकुंतला : पेत होते ना, आत्याबाई. तोंड वाकडं न करता.