दिव्यांवरचं बर्फ

(उमरगा. हायवेलगतच्या दवाखान्याची पडवी, दुपारची वेळ. बाकड्यावर ट्रकड्रायव्हर शरणबसप्पा, दोन्ही हातांना बँडेज. शेजारी बायको नागम्मा, मांडीवर दवाखान्याचा फॉर्म. समोर गाडीमालकाचा मुलगा रणधीर, उभाच.)

नागम्मा: स्टोव्हवर? आमच्या घरातला स्टोव्ह भंगारात गेला त्याला धा वर्सं झाली, रणधीर.

रणधीर: मग गॅस लिहा, काकू. घरी गॅसवर पाणी तापवताना भाजलं. ‘इजा कशानं झाली’ ह्या रकान्यात काहीतरी भरायचंच आहे ना.

नागम्मा: काहीतरी कशाला? जे झालं ते भरू की.

शरणबसप्पा: नागू, मालकांना अरेतुरे करू नगंस.

नागम्मा: ह्याच्या बारशाच्या घुगऱ्या म्या शिजवल्यात. ह्याच्या बापापुढं डोक्यावर पदर घेते. ह्याच्यापुढं न्हाय घेनार.

रणधीर: राहू द्या आण्णा, काकूंचा हक्क आहे. काकू, आण्णांना पेन धरता येत नाही म्हणून तुम्हाला म्हणतोय. दोन ओळी लिहा, खाली सही करा, विषय संपला.

नागम्मा: डाक्टर आत काय म्हनले, ऐकलंस?

रणधीर: मी फोनवर होतो.

नागम्मा: उजव्या हाताची दोन बोटं जातील म्हनले. शेंड्यापासनं मधल्या पेरापतूर. काळी पडलीत, आता वाळत चाललीत. सोलापूरला न्या म्हनले. आन ह्येंना काय इचारलं म्हायती हाय? चुन्याच्या भट्टीत हात घातला का म्हनून. बर्फानं बोटं गेलेला मानूस उमरग्यात त्येंनी जन्मात बघितला न्हाय.

शरणबसप्पा: त्येंचा तरी काय दोष. भाईरचं ऊन बघ. मार्चमधीच डांबर पाघळाय लागलंय.

रणधीर: मी तेच म्हणतोय. बर्फ म्हटलं तर कुणाला पटणार? भाजलं म्हटलं की लगेच पटतं.

नागम्मा: आवो, ह्याला सांगा तुमी. तोंडावर सांगा. फोनवर ह्यानं धड ऐकून घेतलं न्हाय.

शरणबसप्पा: सांगून काय व्हनार हाय.

नागम्मा: काय का व्हईना. सांगा.

शरणबसप्पा: काय सांगायचं... डाळ भरून कारगिलकडं चाललो हुतो, मालक. झोजिलाच्या घाटात दुपारी दोनला बर्फ सुरू झालं. दोनला दिवेलागण झाल्यावानी अंधारलं. फुडं टँकर, मागं मिल्ट्रीच्या गाड्या, सगळी रांग मुंगीवानी सरकायली. येक फौजी आला, दारावर काठी वाजिवली. लाइट जलाओ म्हनला. म्या म्हनलं, चालूच हाय की. खाली उतरून बघतो तर दोनी दिव्यांवर हे येवढं बर्फ. आत दिवा जळतोय आन भाईर काय बी न्हाय. मागच्याला मी दिसंना, मला फुडचा दिसंना. आन डाव्या अंगाला दरी.

रणधीर: मग फडक्यानं पुसायचं होतं.

शरणबसप्पा: पुसलं की. फडकंच काचेला चिकटून बसलं. मंग तंबाखू चोळली. पावसाळ्यात फुडच्या काचेला चोळतो तशी. तंबाखूनं पानी पळतं, बर्फ कुटं पळतंय. हिनं बांधून दिलेलं खोबरेल लावाय गेलो, तर बाटलीत मेनबत्ती झालेली.

नागम्मा: म्या ते डोक्याला दिलं हुतं.

शरणबसप्पा: डोकं कुटं जाग्यावर हुतं. तवा तुमाला फोन लावला, मालक. तुमी म्हनलात, गरम पानी ओता.

रणधीर: मला काय माहीत काच तडकेल म्हणून.

शरणबसप्पा: तडकली. डाव्या बाजूची. आल्या आल्या तुमी मला त्या काचंचंच इचारलं. हाताचं दुसऱ्या दिवशी.

रणधीर: आण्णा, मी टेन्शनमध्ये होतो. पप्पांची अँजिओ...

शरणबसप्पा: व्हय. म्या काय म्हनलं का तुमाला.

नागम्मा: तुमी काय बी म्हनलात न्हाय, म्हनून तर ह्यो हितं फॉर्म घिऊन आलाय. आन पिवळ्या बल्बचं सांगा की.

शरणबसप्पा: तुमच्या वडलांच्या टायमाला त्या घाटात तीन हिवाळे गेलोय, मालक. गाडीला पिवळे बल्ब हुते. असे तापायचे की काचेला हात लावला तर चटका. बर्फ पडायचं आन आपसूक गळून जायचं. येकदा बी पुसाय उतरलो न्हाय. दसऱ्याला तुमी ते काढले आन पांढरे एलईडी बसिवले. उजेड झ्याक. काच मातर थंडगार. बर्फ बसलं की बसलं, हलतच न्हाय.

रणधीर: एलईडी आता सगळेच लावतात. कंपनीतून येतानाच तसे येतात.

शरणबसप्पा: लावू द्या की. हितनं हैदराबादला लई चांगले हाईत.

नागम्मा: आन हातमोजं? निघायच्या दिवशी ह्येंनी मागितले. तू म्हनलास, दोन दिवसाच्या थंडीला काय आण्णा, म्हातारे झालात का. ओट्यावर उभी राहून ऐकलंय म्या.

रणधीर: चेष्टेत म्हटलं होतं, काकू.

नागम्मा: चेष्टेतच गेली मग बोटं.

शरणबसप्पा: पायमोजं घातलं हुतं हाताला. ते वल्लं झालं आन पापडावानी कडक झालं. काढून टाकलं. मंग खिशातनं लायसन काढलं आन त्या कार्डानं खरवडलं. धा मिंटं गाडी सरकायची, उतरायचं, खरवडायचं, परत चढायचं. पाच तास. कार्ड मधनं मोडलं. नंतर बोटं बधिर झाली म्हनून सायलेन्सरवर धरली. ती चूक माझी. गरम हाय का गार तेच कळत नव्हतं.

नागम्मा: आन त्याच हातानं गाडी उमरग्यापतूर आनली. स्टेरिंग तळव्यानं वळवत.

शरणबसप्पा: बास गं नागू, बास. आत लोकं ऐकायलीत.

नागम्मा: ऐकू द्या. हितं काय चोरी केलीय?

रणधीर: आण्णा, सरळ बोलतो. कामावरची इजा असं लिहिलं की पोलीस विचारणार, लेबर ऑफिसवाले येणार, गाडी उभी राहणार. पप्पांना हे आत्ता झेपायचं नाही. आणि मी तुम्हाला वाऱ्यावर सोडतोय का? सोलापूरला मी नेतो. नंतर यार्डात बसून काम देतो. गेटवर. गाड्या आल्या-गेल्या बघायच्या. घराजवळ राहाल.

नागम्मा: गेटवर. तीस वर्सं मुलूख फिरलेला मानूस कुत्र्यावानी गेटवर बांधतोस.

शरणबसप्पा: गप गं. दोन बोटं गेल्यावर गेर कोन टाकनार? चार मैन्यांनी आसंच कुनाच्या तरी दारात जाऊन बसायचं. ह्येंचं तरी वळखीचं दार हाय.

नागम्मा: म्हंजे?

शरणबसप्पा: म्हंजे लिही. गॅसवर भाजलं म्हनून लिही. लई बेजार झालंय मला. घरी जाऊन पडायचंय.

नागम्मा: म्या न्हाय लिहिनार.

शरणबसप्पा: नागू.

नागम्मा: माझ्या गॅसवर कुनाचं बोट भाजलं न्हाय. सही माझी, आन खोटं ह्येचं.

रणधीर: काकू, आण्णा स्वतः म्हणतायत ना. अजून काय पाहिजे? लिहून टाका, मला चारला यार्डात पोचायचंय. उद्या गाडी लोड होतेय.

शरणबसप्पा: कुटली गाडी?

रणधीर: आपलीच. काच बसवली नवी.

शरणबसप्पा: कुटं चाललीय?

रणधीर: तिकडंच, कारगिल. डाळीचीच दुसरी खेप आहे.

शरणबसप्पा: कोन घिऊन चाललंय?

रणधीर: बालाजी.

शरणबसप्पा: तामलवाडीचा? त्यो पुन्याच्या फुडं गेलेला न्हाय कदी.

रणधीर: शिकेल की. तुम्ही पण शिकलातच.

शरणबसप्पा: दिवे कुटले हाईत?

रणधीर: तेच आहेत. नव्या काचेत मस्त दिसतायत.

शरणबसप्पा: बालाजीला माझ्या हाताचं काय सांगितलं?

रणधीर: तेच. घरी भाजलं.

शरणबसप्पा: घाटात काय तरास झाला का, असं इचारलं न्हाय त्येनं?

रणधीर: विचारलं. म्हटलं, आण्णांनी एका दमात गाडी आणली. त्याला उगाच घाबरवायचं कशाला?

शरणबसप्पा: काल त्यो मला फोन करनार हुता. आला न्हाय.

रणधीर: मीच नको म्हटलं. आण्णांना आराम करू दे म्हणून.

शरणबसप्पा: आराम.

रणधीर: आण्णा, तुम्ही आता मनाला लावून घेऊ नका.

शरणबसप्पा: नागू, पेन धर.

नागम्मा: म्या सांगितलं न्हाय म्हनून.

शरणबसप्पा: धर तर. खरं लिहायचंय.

रणधीर: आण्णा. आत्ता तुम्ही काय बोललात?

शरणबसप्पा: बोललो. माझी बोटं गेली, त्येचं भाजलं म्हना, सडलं म्हना, मला काय बी चालंल. पर ह्या कागदावर गॅस लिहिला, तर त्या घाटात काय झालंच न्हाय. आन काय झालंच न्हाय म्हनून त्यो पोरगा उगड्या हातानं खाली उतरनार.

रणधीर: मग तोंडी सांगा ना त्याला. मी अडवत नाही. फॉर्म कशाला माझ्या विरोधात?

शरणबसप्पा: तोंडी त्येला तुमी आदीच सांगून बसलात. ड्रायव्हर मालकाचं ऐकतो. म्या बी ऐकलं हुतं की. आता ह्येच्यावर दवाखान्याचा शिक्का बसंल, त्येचा फोटू बालाजीला धाडतो. मंग त्येचं त्यो ठरवंल.

रणधीर: यार्डातलं विसरा मग.

शरणबसप्पा: व्हय. आन वडलांना सांगा, पिवळे बल्ब त्येंच्या कपाटात खालच्या कप्प्यात हाईत. म्याच ठिवलेत कागदात गुंडाळून.

रणधीर: मी गाडीत बसतो. अजून पाच मिनिटं थांबेन, त्याच्यावर नाही.

नागम्मा: तू नीघ. आमी रिक्षानं जाऊ.

शरणबसप्पा: गेला का?

नागम्मा: गेला. सांगा, काय लिहू?

शरणबसप्पा: ट्रकच्या दिव्यांवरचं बर्फ काढताना. हात उगडे हुते म्हनून.

नागम्मा: ...उगडे हुते म्हनून. मालकानं मोजं दिलं न्हाईत, ते लिहू?

शरणबसप्पा: लिही. मागितलं हुतं म्हनून बी लिही.

नागम्मा: आन बोटं? किती लिहू?

शरणबसप्पा: दोन लिही. तिसऱ्याचं सोलापुरात कळंल.