सुमित्राचा आवाज कोणाचा

मी मूळचा किन्हीराजाचा. घरी जमीन नव्हती, बाप दुसऱ्याच्या वावरात जायचा, आणि मले वावराचा राग होता म्हणून सातवीनंतर एका रेडिओवाल्याजवळ बसलो. त्यानं काही शिकवलं नाही, मी पाहून शिकलो, आणि भांडूनच बाहेर पडलो. मग रिसोडले बसस्टँडमागं टपरी टाकली, आधी रेडिओ, मग टेप, मग मोबाईल. काय सांगू तुमाले, चिपमध्ये गाणी भरून द्यायचा असा धंदा तालुक्यात कोणाचा नव्हता. बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं यायची, म्हणायची, भाऊ, लग्नाची भर, भजनं भर, अन् दोनचार ती बी भर, पण वरून दिसू देऊ नको. मी भरायचो. गाणी कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही अन् मीबी नाही. आता तुमी म्हणाल ही चोरी. हाव, चोरीच. मी कुठं नाही म्हणतो.

भाव करण्यात मात्र मले कोणी हरवलं नाही. माह्यी एकच रीत. समोरच्याचं बोलणं पटलं नाही की उठायचं, चालू लागायचं, मागं पाहायचं नाही. दहा पावलांत तो हाक मारतोच. टपरीची जागा मी अशीच घेतली.

माह्यी बायको सुमित्रा भुलाबाईची गाणी म्हणायची. आमच्याकडं भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर भुलाबाई मांडतात, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ ओळखतात. लग्न झाल्यावर बायका ते सोडतात, हिनं सोडलं नाही. गल्लीतल्या पोरी आमच्याच दारात जमायच्या, कारण सारी कडवी फक्त हिले पाठ. एका वर्षी मी दाराले गोधडी टांगली, पंखा बंद केला आणि तिची अकरा गाणी रेकॉर्ड केली. घामानं भिजली, पण मधात थांबली नाही. मले म्हणाली, तुमी तोंड बंद ठेवा, तुमचा श्वास बी यात येऊन राह्यला. तीच गाणी मी नेटवर टाकली. लोक ऐकायचे, पुण्यामुंबईकडच्या बायका लिहायच्या की माहेर आठवलं.

मग एक कंपनीवाला आला, म्हणे आमी याची सीडी काढतो. मी भाव केला. कव्हरवर माह्यं नाव पहिलं पाहिजे, फोटो पाहिजे, फेटा बांधलेला. तो नाही म्हणाला, मी उठलो, त्यानं हाक मारली. सुमित्रा म्हणाली, कागद तरी वाचा. मी म्हणालो, तुले काय समजते. बैल विकला तरी दावं आपण घरी आणतो, बरकत जाऊ नये म्हणून, अन् मूळ रेकॉर्डिंग तर माह्या कंप्युटरात आहे, मग जाईल कुठं? सही ठोकली, तिचीबी घेतली, गाण्यांची एक प्रत त्याले दिली. कव्हर छापून आलं, फोटो झकास. सीडी काही निघालीच नाही.

पुढं चिप भरण्यावरून दुकानावर छापा पडला. कंप्युटर गेला, त्यात सुमित्राची मूळ गाणीबी गेली. मले तवा काही वाटलं नाही, नेटवर आहेत म्हटलं. त्यानंतर दोन वर्षांत सुमित्रा गेली. पोट दुखते म्हणायची, आमी ॲसिडिटी समजत राह्यलो.

पोरगी रेखा कामरगावले दिलेली. तिले लेक झाली तवापासून ती रोज आईचं एक गाणं लावून लेकीले झोपवायची. परवाच्या सालात तिचा फोन आला, बाबा, आईचं गाणं लागत नाही. मी पाह्यलं तर सारी अकराच्या अकरा काढून टाकलेली. कंपनीनं आपला जुना माल नेटवरची चोरीची गाणी शोधणाऱ्या कोण्या यंत्रात भरला, यंत्रानं सुमित्राचा आवाज ओळखला आणि मलेच चोर ठरवलं. सात दिवसांत उत्तर द्या अशी मेल आली होती. पण त्याच आठवड्यात कुठं काही भांडण झालं म्हणून सरकारनं नेट बंद केलं होतं. नेट सुरू झालं तवा आठवा दिवस.

कंपनीले फोन लावला. एक पोरगा गोड बोलत होता. काका, गाणं कोणाचंच नाही, ते परंपरेचं. पण ही रेकॉर्डिंग आमची, कागदावर आहे, सर्व माध्यमं, कायमची. तुमी एवढं लिहून द्या की आमचा हक्क मान्य आहे, चालू करून देतो. मी म्हटलं, बायको माह्यी, घर माह्यं, गोधडी माह्यी, अन् मी लिहून देऊ? त्याच्या सात पिढ्या काढल्या आणि फोन ठेवला. वाट पाहिली. त्याची हाक आलीच नाही.

रेखा म्हणाली, बाबा, तुमी सही करायची होती. खाली नाव कोणाचंबी असतं, आवाज तर आईचा होता. माह्या लेकीले तुमचा हट्ट ऐकवू काय? तिनं फोन आपटला.

चार महिन्यांनी मीच परत लावला. जिंदगीत पहिल्यांदा मागं फिरलो. तो पोरगा नोकरी सोडून गेला होता. दुसरा म्हणाला, लिहून घेऊन चालू करून द्यायची ती योजना बंद झाली काका. मी म्हणालो, मग तुमीच लावा, तुमच्या नावानं, जाहिराती टाका, मले काही नको. तो म्हणाला, त्याले मागणी नाही. म्हटलं, मग मले एक प्रत द्या, पोरीपुरती. म्हणाला, तसा नियम नाही.

म्हणजे पाहा, ते वाजवत नाहीत, विकत नाहीत, अन् वाजवू देत नाहीत.

यंदा रेखा भुलाबाईले आली. शेजारच्या जनाबाईले विचारत होती, आई तिसरं कडवं कसं म्हणायची, चढवून की उतरवून? जनाबाईनं एक सांगितलं, गल्लीतल्या मथुरानं दुसरं. मले विचारलं नाही. मी आपला दुकानात बसतो, रिचार्ज मारतो, काचा बदलतो. गिऱ्हाईक उठून चाललं तर जाऊ देतो. सुमित्राचा आवाज आहे, कुठं तरी एखाद्या मशीनमध्ये चांगला आहे म्हणतात, खराब होत नाही. असू दे. जिथं असेल तिथं सुखी राहो, बाई.