पायऱ्या किती

(रविवारची दुपार. स्वयंपाकघरातलं टेबल. बाबा, त्यांची लेक आणि लेकीची मावशी. मध्ये चहाचे तीन कप आणि एक वही.)

लेक : मग सात लिहिते. धबधब्याला जायला सातला निघायचं.

बाबा : सातला निघालीस की शाळेच्या बस, दुधाच्या गाड्या, सगळे आडवे येतात. पावणेसहाला चाक फिरलं पाहिजे.

मावशी : आत्ता तर म्हणालात, जायचंच नाही.

बाबा : मी कुठं जातोय? तुम्ही जा. तुम्ही जाणार असाल तर पावणेसहा, एवढंच सांगितलं.

लेक : बाबा, तुमच्यासाठी चाललंय हे. दोन दिवस सुट्टी मागितली तर औषधाच्या दुकानाचा मालक असा बघत राहिला, जसं काही मी दुकानच मागितलंय. दहा-दहा तास काउंटरशी उभी असते मी. ते दोन दिवस झोपून काढले असते.

बाबा : मग झोप की. कुणी अडवलंय?

मावशी : बघ. ताई गेल्यापासून आठ महिने हे असंच. काही विचारा, नाही. काही सुचवा, तुमचं तुम्ही बघा. त्या खुर्चीला आता तुमच्या पाठीचा खळगा पडलाय भाऊजी.

बाबा : खुर्ची माझीच आहे.

लेक : मावशी, राहू दे. पावणेसहा लिहिलं. पुढं पहिला थांबा कुठं?

बाबा : पंपावर थांबू नकोस. तिथलं बाथरूम नावालाच आहे. तिथून दोन किलोमीटरवर लाल पत्र्याचं हॉटेल लागेल, डाव्या हाताला. चहा पाणचट देतो, पण बाथरूमच्या दाराला आतून कडी आहे.

मावशी : कडी महत्त्वाची.

बाबा : सव्वीस वर्षं नेलीय बस त्या रस्त्यानं, आठवड्यातून दोनदा. रस्त्यातलं मला विचारा.

लेक : तेच तर विचारतेय. खायला काय घ्यायचं? मी उकडलेली अंडी आणि पाव म्हणतेय.

बाबा : अंडी घाटाच्या आधी खाऊ नका. घाटात चौदा वळणं आहेत. नवव्या वळणाला मागच्या सीटवरचे गप्प होतात आणि अकराव्याला पिशव्या मागतात. कधी चुकलं नाही.

लेक : उलटीच्या गोळ्या... लिहिल्या. घाट तुम्ही चालवाल?

बाबा : तू चालवणार असलीस तर एक क्लच प्लेट बरोबर घे. जास्तीची.

लेक : क्लचवर पाय ठेवून नाही बसत मी आता.

बाबा : परवा बाजारातून आलीस तेव्हा अंगणभर जळका वास होता.

मावशी : मग तुम्हीच चालवा. का उगाच उंटावरून शेळ्या हाकताय?

बाबा : डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून समोरून ऊन आलं की मला पांढरं दिसतं. आणि जाऊन तरी काय करणार? या दिवसांत पाणी नसतं तिथं. करंगळीएवढी धार असते, ती बघायला तीस माणसं रांगेत.

लेक : कालच बातम्यांत दाखवलं. दहा वर्षांत एवढं पाणी नव्हतं म्हणे.

बाबा : मग गर्दी असेल.

मावशी : पाणी नसलं तर धार बारीक, असलं तर गर्दी. नाचता येईना अंगण वाकडं.

बाबा : आहेच वाकडं.

लेक : बरं, एक महत्त्वाचं राहिलं. मावशीच्या गुडघ्याचं. गाड्या उभ्या करतात तिथून खाली किती पायऱ्या आहेत?

बाबा : आहेत बऱ्याच.

लेक : बऱ्याच म्हणजे? फोनवर कुणी दीडशे लिहिलंय, कुणी चारशे. डॉक्टरांनी तिला पन्नासच्या वर नको म्हणून सांगितलंय. नीट आकडा सांगा.

बाबा : दीडशे धर.

मावशी : ताईला तर तुम्ही ऐंशी सांगितल्या होत्या.

लेक : मला तीनशे बारा. शाळेत निबंधात लिहिलं होतं मी. माझे बाबा आठवड्यातून दोनदा तीनशे बारा पायऱ्या उतरतात आणि तीनशे बारा चढतात. बाईंनी वर्गात वाचून दाखवला होता.

बाबा : मधल्या काळात नवीन बांधल्या असतील.

मावशी : बांधल्या की पाडल्या? तीनशे बारावरून दीडशेवर आल्यात.

बाबा : तुला चेष्टा सुचते.

लेक : बरं, कठडा आहे का?

बाबा : आहे.

लेक : कुठल्या बाजूला? तिचा उजवा गुडघा दुखतो, उजव्या हाताला आधार लागेल.

बाबा : चहा गार झाला.

लेक : करते पुन्हा. कठडा उतरताना उजवीकडे आहे की डावीकडे?

बाबा : माहीत नाही.

लेक : आठवून बघा की. सव्वीस वर्षं...

बाबा : आठवायला बघितलेला असावा लागतो.

लेक : म्हणजे?

बाबा : म्हणजे मी खाली गेलोच नाही कधी.

लेक : कधी कधी नाही गेलात, असं ना?

बाबा : कधीच नाही. एकदाही नाही. धबधबा मी बघितलेला नाही. झालं? लिही आता वहीत.

लेक : मावशी, हे चेष्टा करतायत का?

मावशी : चेहऱ्यावरून तरी वाटत नाही.

बाबा : पहिल्या खेपेला इंजिन तापलं, पाणी घालत बसलो. दुसऱ्या खेपेला कुणाची तरी बॅग गेली गाडीतून. बसचा मालक म्हणाला, ड्रायव्हरनं बस सोडायची नाही. पुढं मालक विसरला, पण मला सवय लागली. पहाटे चारला उठलेला असायचो मी. साडेअकराला पोचायचं, तीनला परत निघायचं. मधे साडेतीन तास मोकळे. मागची लांब सीट, पाय खिडकीबाहेर. पाठ टेकली की डोळा लागायचा. असं करता करता पाच-सहा वर्षं गेली, मग लाजच वाटायला लागली. तिथला फुगेवाला मला नावानं ओळखायचा. त्याला कसं विचारणार, बाबा रे, धबधबा कुठल्या बाजूला आहे?

लेक : पण तुम्ही सांगायचात ना. तीन धारा, मधली जाड, डावीकडची मधेच खडकावर आपटून फुटते...

बाबा : पोस्टकार्डावर होतं तसं. वर गाड्यांपाशी विकायचे.

लेक : पोस्टकार्ड.

बाबा : एकच फोटो होता. सव्वीस वर्षं तोच.

लेक : त्या मधल्या धारेवरून मी वर्गातल्या मुलीशी भांडले होते. ती प्रत्यक्ष जाऊन आलेली. म्हणाली, दोनच धारा आहेत. मी तिची वेणी ओढली.

बाबा : दोन आहेत का?

लेक : मला काय माहीत! तुमच्यावर विश्वास ठेवून बसले मी. आणि आज पाणी जास्त होतं, आज कमी होतं, तेही पोस्टकार्डावर होतं का?

बाबा : नाही, ते खरं होतं. ते मला लोकांच्या कपड्यांवरून कळायचं. नुसते केस दमट असले की पाणी बेताचं. खांदे भिजलेले असले की बरं. आणि चपला पचपचत आले, पोरांचे दात वाजायला लागले, की समजायचं आज जोर आहे. निघायच्या आधी सीटा मीच पुसायचो ना. कुठल्या दिवशी किती फडकी पिळली ते मला पाठ असायचं. शिवाय आवाज यायचा वर. शेजारच्या बंद घरात कुणी नळ चालू ठेवून गेल्यासारखा.

लेक : आणि आई? तिला पण हेच सगळं?

बाबा : तिलाही हेच. दर वर्षी म्हणायची, एकदा मला घेऊन चला. मी म्हणायचो, सुट्टीच्या दिवशीही त्याच रस्त्यावर घालतेस का मला? नुसतं पाणी तर आहे, दुरून डोंगर साजरे. दमलेला असायचो, ते खोटं नव्हतं. पण नेलं असतं तर बसमधून उतरून तिनं पहिलं विचारलं असतं, वाट कुठून? मला वाट माहीत नव्हती.

मावशी : कुणालाही विचारली असती. सगळे तिकडंच चाललेले असतात.

बाबा : आज कळतं ते. तेव्हा वाटायचं, पुढच्या वर्षी आधी एकटा बघून घेईन, मग तिला नेईन. पुढची वर्षं संपली. तिला तर नेलंच नाही, आणि आता मी एकटा जाऊन पहिल्यांदा बघू? कुठल्या तोंडानं? म्हणून म्हणतो, तुम्ही जा. पायऱ्या मोजून या. मला आकडा सांगा.

मावशी : भाऊजी, एक सांगू? रागवायचं नाही.

बाबा : रागवायला ताकद लागते.

मावशी : ताईला माहीत होतं.

बाबा : काय माहीत होतं?

मावशी : तुम्ही खाली उतरत नाही ते.

बाबा : शक्य नाही. मी कुणाला बोललो नाही.

मावशी : तुमचे शर्ट बोलले. हातानं कपडे धुवायचे दिवस होते ते. ही जन्मायच्या आधीचं सांगते. ताई म्हणाली, अगं, माणसं तिथून चिंब होऊन येतात आणि ह्यांचा शर्ट कोरडा ठणठणीत. वर पाठीवर सीटच्या शिवणीच्या रेघा. पहिल्यांदा तिला भलतीच शंका आली.

बाबा : कसली शंका?

मावशी : बस धबधब्यावर जाते की नवरा आणखी कुठं जातो.

लेक : बाबांवर?

मावशी : हसू नकोस, दिसायला बरे होते तेव्हा. मग तिनं तुमच्या बसवरच्या त्या गाइडच्या बायकोला गाठलं. ती म्हणाली, कसलं काय, तुझा नवरा खिडकीतून पाय काढून घोरतो, आमच्या ह्यांचा जीव जातो त्याला उठवताना. दोघी पोट धरून हसल्या म्हणे.

बाबा : मग मला विचारायची कशाला? दर खेपेला. मी दारात बूट काढतोय तोवर आतून, आज पाणी कसं होतं?

मावशी : मीही तिला तेच म्हटलं. माहीत असून कशाला त्यांना खोटं बोलायला लावतेस? तर म्हणाली, एरवी घरी आले की तोंडाला कुलूप. जेवतात आणि झोपतात. धबधब्याचं विचारलं की पाच मिनिटं बोलतात. मला तेवढी पुरतात.

लेक : बाबा?

बाबा : पाच नाही. जास्त बोलायचो.

मावशी : ती पाच म्हणायची.

बाबा : जेवण वाढून होईपर्यंत बोलायचो. भात संपेपर्यंत.

मावशी : असेल. तिला कमीच पडत असतील.

लेक : पाणी देऊ का तुम्हाला?

बाबा : नको. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात विचारलं होतं तिनं. मी खाली बिल्डिंगबाहेर हात-पाय मोकळे करून वर आलो, तर डोळे मिटूनच म्हणाली, आज पाणी कसं होतं? मला रिटायर होऊन सहा वर्षं झालेली. नर्सला जाऊन सांगितलं मी, हिला भ्रम होतोय. नर्स म्हणाली, औषधानं होतं असं.

मावशी : भ्रम नव्हता तो.

बाबा : नाही. आता कळतंय.

लेक : मग तुम्ही काय सांगितलंत तिला?

बाबा : म्हटलं, भरपूर आहे. चपला पचपचतायत लोकांच्या. तीन धारा पण सांगितल्या. डावीकडची फुटते म्हणून. ऐकत होती. मग म्हणाली, बरं.

लेक : ही वही मिटू का मी? खरंच सांगा. मी मालकाला कळवते, सुट्टी नको म्हणून.

मावशी : मिटतेस कशाला? लिही. पायऱ्या किती का असेनात, मावशी वर गाडीत बसणार. तुम्ही दोघं उतरा.

बाबा : एवढ्या लांब येऊन गाडीत बसणार तू?

मावशी : तुम्ही सव्वीस वर्षं बसलात. मला एक दिवस जमणार नाही? हिच्या गाडीला लांब सीट नाही, पण एक पाय तरी निघेल खिडकीबाहेर. तुम्ही वर आलात की मी विचारेन, पाणी कसं होतं. आणि कठडा कुठल्या बाजूला तेही.

बाबा : कठड्याचं काय करायचंय तुला आता?

मावशी : पुढच्या वेळी लागेल. गुडघा बरा झाला तर.

लेक : मी वाचते सगळं. पावणेसहा. लाल पत्र्याचं हॉटेल, डावीकडं. अंडी, पाव, थर्मास. उलटीच्या गोळ्या. मावशीची उशी.

बाबा : साडेपाच कर. उशीर झाला की गाडी फार वर लावायला लागते.

लेक : साडेपाच. घाट?

बाबा : नवव्या वळणापर्यंत तू चालव. ऊन डोक्यावर आलं की मी घेईन. समोरून नसतं मग.

लेक : अजून काही राहिलं का?

बाबा : एक शर्ट लिही. जास्तीचा.